गावातल्या सगळ्या विहिरी

मागच्या महिन्यात तुम्ही दोघं फोनच्या पडद्यावर एकदम आलात आणि दोघांनी एकेक प्रश्न विचारलात. धाकट्याने माझ्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, तुमच्याकडे समुद्र नाही, मग जहाजाचा अँकर कशाला टांगलाय?" थोरली विद्यापीठाचा फॉर्म भरत होती, म्हणून वैतागलेली होती. ती म्हणाली, "स्वतःबद्दल एक पान लिहायचंय, आणि त्यांना त्यात काहीतरी वेगळं हवं असतं. माझ्यात वेगळं काहीच नाही, आजी."

तेव्हा मी दोघांनाही "सवडीने सांगते" म्हटलं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. मला गोष्टी क्रमाने मांडलेल्या आवडतात, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून लिहिते आहे. तुमची आई अवघड शब्द समजावून देईल.

भिंतीवर टांगलेलं आहे त्याला गळ म्हणतात. मासे पकडायचा नव्हे, विहिरीत पडलेली भांडी काढायचा. जाड लोखंडी कडं, आणि त्याला चारी बाजूंनी वळवलेले आकडे. कड्याला लांब दोर बांधायचा, गळ विहिरीत सोडायचा आणि तळाशी फिरवून बुडालेली घागर किंवा बादली आकड्यात धरायची. ज्या गावात नळ नसतो त्या गावात रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी विहिरीत पडत असतं. दोर झिजतो, गाठ सुटते, भांडणाच्या भरात हात सुटतो. मग ज्याच्या घरी गळ आहे त्याच्याकडे धावत जायचं.

आमच्या गावात गळ आमच्या घरी होता. हसनाबादच्या अलीकडचं आमचं गाव, तालुका भोकरदन. जालना जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. माझ्या आजाने, म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांनी, बैलगाडीच्या मोडक्या चाकाची धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, लोहाराकडे नेऊन हा गळ करून घेतला होता. आजाचा हात त्यात इतका बसलेला होता की दोर हलवूनच तो सांगायचा, "घागर हाये, पन उपडी पडलीया."

सात-आठ वर्षांची असल्यापासून मी त्याच्या मागे मागे जायचे. त्याने मला शिकवायला बसवलं असं काही झालं नाही. त्याची नजर कमी होत गेली तसा तो दोराचं शेवटचं टोक माझ्या हातात द्यायला लागला, आणि हळूहळू सगळा दोरच माझ्या हातात आला. दगडाला गळ लागला की मनगटात खरखर येते. गाळात गेला की काहीच येत नाही, नुसतं जड होतं. तांब्या-पितळेला लागला की दोरातून एक बारीक थरथर वर चढते, ती कानाला ऐकू येत नाही, हाताला येते. एवढं कळायला मला दोन उन्हाळे लागले.

आजाचे गळाचे दोन नियम होते. पहिला, गळ पाण्यात असेपर्यंत विहिरीवर कुणी बोलायचं नाही. दुसरा, भांडं काढून दिल्याबद्दल कुणाकडून काही घ्यायचं नाही, ना पैसा, ना धान्य. घ्यायचं ते फक्त त्याच विहिरीचं ओंजळभर पाणी, वर काढलेल्या भांड्यातलं, आपल्या हाताने. त्याला आजा 'गळाचा मान' म्हणायचा. आमच्या वस्तीवरच्या आडावर मी हा मान कितीतरी वेळा घेतला. उन्हात उभं राहून घशाला कोरड पडलेली असायची, तेव्हा तो मान मोठा गोड लागायचा.

गावात पिण्याच्या पाण्याच्या विहिरी तीन. एक आमच्या वस्तीवरचा आड. आमची वस्ती म्हणजे बौद्धांची. छप्पन साली माझ्या आजाने, वडिलांनी, सगळ्यांनीच धम्म घेतला, तेव्हा मी अगदी तान्ही होते. दुसरी शाळेची विहीर. ती सरकारने बांधलेली, तिथे सगळी मुलं पाणी पीत. तिसरी वेशीजवळची थोरली विहीर. ती दगडी बांधणीची, पाणी ओढायच्या चार चाकांची, तिच्यावर पाटलांच्या घराचं आणि गावातल्या बाकी शेतकरी घरांचं पाणी. तिथे आमच्या बायकांनी पाणी शेंदलेलं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. कायदा होता. पण कायदा भोकरदनच्या कचेरीत होता, विहीर वेशीजवळ होती.

तरी थोरल्या विहिरीतही भांडी पडायचीच. तेव्हा पाटलांचा गडी आमच्याकडे येऊन गळ घेऊन जायचा. आजा जायचा नाही, त्याला कुणी बोलवायचं नाही, नुसता गळ जायचा. विहिरीवर नेल्यावर आधी तो पेटत्या गवतातून काढायचे. म्हणजे आमच्या हाताचा स्पर्श जळून जायचा आणि गळ तेवढा शिल्लक राहायचा. परत यायचा तेव्हा काळाकुट्ट. आजा तो राखेने घासता घासता म्हणायचा, "हे बरं हाये. घासायचं काम आपल्याकडं, न् भांडं त्यायच्याकडं."

फक्त एकदा आम्ही त्या विहिरीत उतरलो होतो. बाहत्तरच्या दुष्काळात थोरली विहीर पार आटली. तळचा गाळ काढायला मजूर हवे होते, म्हणून आमच्या वस्तीवरच्या बायका बोलावल्या गेल्या. माझी माय गेली आणि शाळेला सुट्टी होती म्हणून तिच्याबरोबर मीही गेले. आम्ही थेट तळापर्यंत उतरून टोपल्या भरल्या. कोरड्या विहिरीला विटाळ होत नाही, हे मला तेव्हा कळलं. पाणी आलं की मात्र आम्ही पुन्हा बाहेर. पण तो तळ मी नीट पाहून ठेवला होता. उगवतीच्या अंगाला काळ्या दगडात एक आडवी कपार होती, उघड्या तोंडासारखी. माय म्हणालीसुद्धा, "इथं काही अटकलं तर गेलंच समज."

आता फॉर्मकडे येते.

मी जालन्याला कॉलेजात राहून बी.ए. झाले, इंग्रजी विषय घेऊन. वस्तीवर मॅट्रिक झालेल्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, बी.ए. मी पहिली. मला पुढे इंग्रजीतच एम.ए. करायचं होतं, आणि तेही दूरच्या एका विद्यापीठात, जिथे जागा थोड्या होत्या आणि देशभरातून अर्ज यायचे. मार्क मला बरे होते, पण बरे मार्क सगळ्यांनाच असणार. त्या फॉर्मला एक कोरं पान जोडलेलं होतं. त्यावर स्वतःबद्दल, आपल्या आवडीनिवडींबद्दल, आपल्या शब्दांत लिहायचं. खाली छापलेलं होतं की वरचा मजकूर खरा आहे याबद्दल पालकाची सही हवी.

हॉस्टेलवरच्या मुलींनी मला सल्ला दिला. वाचन लिही, विणकाम लिही, बागकाम लिही. मी आयुष्यात सुई हातात धरली ती फक्त काटा काढायला. आणि वाचन हा माझा छंद नव्हता, ते माझं काम होतं. बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की ज्यात मला गोडी आहे, जे मी कुणी न सांगता, काही न घेता करते, ते एकच. मी इंग्रजीत लिहिलं की मी विहिरीत बुडालेली भांडी गळ टाकून काढते. दोराची थरथर लिहिली, आजाचे नियम लिहिले. आणि शेवटी एक वाक्य लिहिलं की आमच्या गावातल्या सगळ्या विहिरींमधून मी भांडी काढली आहेत.

ते पान घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले. माझे वडील शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. शाळेतून सायकलवर आले, पाय धुतले, चष्मा लावला आणि पान हातात घेतलं. त्यांना इंग्रजी माझ्याइतकं येत नव्हतं, पण प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून ते शेवटपर्यंत वाचायचे.

"हा छंद हाये?" त्यांनी विचारलं. "हे तर काम झालं."

"कामाचा पैसा मिळतो, दादा. मी तर काही घेत नाही."

त्यांनी विचार केला. "बराबर हाये," ते म्हणाले, आणि हसले. "पोरीनं मला कायद्यात पकडलं." बाजेवर बसलेल्या आजाला त्यांनी मोठ्याने सांगितलं, "आबा, तुमचा गळ इंग्रजीत गेला!"

"चांगलं हाये," आजा म्हणाला. "तिथं तरी जाळू नका म्हनावं."

मग दादांचं बोट खाली सरकलं आणि शेवटच्या वाक्यावर थांबलं. "इथं 'ऑल' लिव्हलंय."

"हो."

"थोरल्या इहिरीतून तू कधी काढलं?"

मी पान परत घ्यायला हात पुढे केला.

"आपल्या आडातून, बराबर. शाळेच्या इहिरीतून, बराबर. तिसरी?"

"कायद्याने तिन्ही सगळ्यांच्या आहेत, दादा."

"तू कायद्याबद्दल न्हाई लिव्हलं. गावाबद्दल लिव्हलं. गावात तसं न्हाई."

"मग काय लिहू? दोन विहिरींतून काढते, तिसरीवर आम्हाला उभं राहू देत नाहीत? मग ते अर्जासारखं नाही दिसणार, गाऱ्हाण्यासारखं दिसेल. मला नको आहे ते. त्या पानावर मला कुणाची कीव नको."

"मंग 'ऑल' काढून टाक."

"ते काढलं की मी अर्धीच गावातली उरते."

दादांनी पान घडी करून मला परत दिलं. ते रागावले नव्हते. "मी वर्गात पोरांना खोटं लिव्हलं तर उभं करतो," ते म्हणाले. "खालती माझी सही हाये. वरती खरं असंल तर बिलकुल करतो. न्हाई तर न्हाई."

मुलांनो, मी तेव्हा तुमच्याइतकीच हट्टी होते. शब्द मी खोडला नाही, सही त्यांनी केली नाही. पान फॉर्ममध्ये तसंच पडून राहिलं. तारीख जवळ येत होती. माय भाकरी थापता थापता म्हणायची, "बापलेक एका सबदासाठी जीव देऊन राह्यलेत. मी अंगठा देऊ का? माझा चालंल का?" दादाही हसायचे, मीही हसायचे, पण रात्री मला झोप नीट लागायची नाही. विद्यापीठ हातचं जाणार, आणि मलाच ते घालवावं लागणार, असं वाटायचं.

मग एका सकाळी पाटलांचा गडी नेहमीसारखा गळ न्यायला आला. पाटलांच्या घरी लग्न होतं. थोरल्या पाटलीणबाईंचा माहेरून आलेला तांब्याचा मोठा हंडा, ज्यात त्यांच्या घरी हळदीचं पाणी तापवत, तो सुनेच्या हातून विहिरीत गेला होता. गळ गेला. दुपार व्हायच्या आत गडी रिकाम्या हाताने परत आला.

"आबा, गळ गुतला ना," तो दारातूनच म्हणाला. "वढून वढून हात सोलले पाहा. सुटतच न्हाई. मालक म्हनते, दुसरा करून देऊ. सगळा खर्चा आमचा."

"दुसरा?" आजा उठून बसला. "कोन्या अंगानं वढला?"

"चाकावरून. सरळ."

"आरं बाबा, चाकावरून पानी वढतेत, गळ न्हाई. कुठं गुतला?"

"उगवतीला."

कपार. मला डोळ्यांसमोर दिसली. मी म्हणाले, "मी काढते."

गड्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "थोरल्या इहिरीवर? हिनं?"

"मला दिसत न्हाई," आजा म्हणाला. "आन् दुसऱ्या कुनाला येत न्हाई. हिला न्यायचं न्हाई तर गळ तिथंच राहू दे. हंडाबी."

गडी विचारायला गेला. तो जाऊन येईपर्यंत मी वेणी घट्ट घातली, पदर खोचला. दादा शाळेत होते. माय माझ्या पायातल्या चपलांकडे पाहून म्हणाली, "काढून जाऊ नको." विहिरीकडे जाताना आमची माणसं चपला काढून हातात घेत, ती जुनी सवय होती. मी घालून गेले.

गडी येऊन "चला" म्हणाला तेव्हा त्याचा आवाज इतका लहान होता की पुन्हा विचारावं लागलं.

विहिरीवर निम्मं गाव जमलं होतं. थोरल्या पाटलीणबाई लिंबाच्या सावलीत दगडावर बसल्या होत्या, शेजारी रडून डोळे लाल झालेली सून. मी आले तसं आवाज कमी झाले.

"मास्तरची पोर ना तू?" पाटलीणबाईंनी विचारलं. "ती शिकलेली?"

"हो, बाई."

"अन् एवढं शिकून इहिरीत हात घालून राह्यली?"

मागून एक जण म्हणाला, "बीए हाये ती! हंड्याला इंग्रजीत बोलवंल, बघा कसा पळत वर येतो!"

सगळे हसले. मीही हसले, कारण ते खरोखर गमतीचं होतं. "बोलवते ना," मी म्हणाले, "पण तुम्ही गप्प बसलात तरच त्याला ऐकू जाईल. गळ पाण्यात असताना बोलायचं नसतं."

पाटलीणबाईंनी हात वर केला. विहिरीवर एकदम शांतता झाली. आजाच्या नियमाने मला पहिल्यांदाच एवढी माणसं गप्प बसलेली मिळाली होती.

मी सुनेला विचारलं, "वहिनी, दोर कुठून तुटला? फासाजवळ की वर?"

"वर. हातभर वर," ती हळूच म्हणाली.

हे महत्त्वाचं होतं. हंड्याला कान नसतात, गळाला त्यात धरायला जागा मिळत नाही. पण त्याच्या गळ्याभोवती फास आणि वर हातभर दोर राहिला असेल, तर हंडा शोधायचाच नसतो, तो दोर शोधायचा.

आधी गळ सोडवायचा होता. मी चाकावरून दोर काढला आणि हातात घेऊन विहिरीच्या कडेने फिरत पलीकडे गेले, मावळतीच्या अंगाला. तिथे कठडा अरुंद आहे, त्यावर चढूनच उभं राहावं लागतं. मी चढले. गड्याने जिथून ओढलं तिथून ओढलं की आकडा कपारीत आणखी आत जाणार. समोरून ढील दिली, दोर ओला होऊन जड झाला होता, तो दोन वेळा हलवला, आणि मग अगदी हळू, मांजरीला उचलावं तसं उचललं. मनगटात एक खरखर आली आणि गळ सुटला.

मग तळाशी फिरवायला लागले. गाळ. दगड. पुन्हा गाळ. ऊन डोक्यावर आलं होतं. दोरावरून पाणी माझ्या हातावरून, कोपरावरून कठड्यावर गळत होतं आणि दगड भिजून काळा होत होता. पहिल्यांदा बारीक थरथर आली आणि निसटली. हंडा होता, पण गळ त्याच्या पोटावरून घसरला. मी घाई केली नाही. आजा म्हणायचा, भांडं कुठं पळून जात नाही, माणूसच पळतो. त्याच जागेभोवती लहान लहान फेरे घेतले आणि मग एकदम मऊ, ओली ओढ लागली. दोराला दोर लागला होता.

हंडा पाण्यातून वर आला तेव्हा कुणी ओरडलं नाही. नियम पाळत होते की काय, कोण जाणे. मी तो कठड्यावर ठेवला. पाण्याने काठोकाठ भरलेला, गळ्यावर पाटलीणबाईंच्या वडिलांचं नाव कोरलेलं.

पाटलीणबाई उठून आल्या. नाव वाचता येत नव्हतं त्यांना, तरी त्यांनी बोटाने ते नाव चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, "काय देऊ तुला? पायलीभर जवारी घेऊन जा. लग्नाला लुगडंही देईन तुझ्या मायला."

"आम्ही काही घेत नाही, बाई. गळाचा मान तेवढा असतो."

"काय मान?"

"या विहिरीचं ओंजळभर पाणी."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून तांब्या शोधायला लागली. मला वरून पाणी वाढायचं, म्हणजे मी खाली ओंजळ धरायची, तांब्या माझ्या हाताला न लावता. तसं आम्हाला सगळीकडे मिळायचं. माझ्या आजीला, आजाला, दादांना शिक्षक झाल्यावरसुद्धा काही घरी.

"वरून नाही," मी म्हणाले. "काढलेल्या भांड्यातलं. आपल्या हाताने. नियम तसा आहे."

मागे कुणीतरी खाकरलं. कुणीतरी "आता बघा" म्हणालं. मी हंड्याजवळ उभी होते, पण त्याला हात लावला नाही. न विचारता हात बुडवला असता तरी कुणी मला अडवू शकलं नसतं. पण मला ते हिसकावून घ्यायचं नव्हतं. मला माझा मान घ्यायचा होता, आणि तो त्यांनी द्यायचा होता.

पाटलीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, भिजलेल्या कठड्याकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं. मग कंटाळल्यासारख्या म्हणाल्या, "कठडा भिजला, दोर भिजला, हंडा तुझ्याच हातानं वर आला. आता ऱ्हायलं काय? घे. जल्दी घे, मला पानी तापवायचंय."

त्यांनी ते मनापासून म्हटलं की निव्वळ हंड्यासाठी, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही. मी दोन्ही हात हंड्यात बुडवले, ओंजळ भरली आणि सगळ्यांसमोर प्यायले.

मग गळ उचलला, दोराची गुंडाळी केली आणि घरी निघाले. त्या दिवशी गळ कुणी जाळला नाही. आधी जाळलेला होता तेवढा पुरे.

घरी आजा दारातच बसला होता. "हंडा?"

"दिला."

"गळ?"

मी त्याच्या हातात दिला. त्याने एकेक आकडा चाचपला. मग त्याने विचारलं, "मान घेतला?"

"घेतला."

"आपल्या हातानं?"

"हो, आजा."

त्याने गळ मांडीवर ठेवला. मग तोंड माझ्याकडे वळवून म्हणाला, "कसं हाये पानी?"

मी खरं सांगितलं. "मचूळ आहे. आपल्या आडाचं कितीतरी गोड."

आजा हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसत राहिला. "मचूळ!" तो म्हणाला. "साऱ्या हयातीत मला वाटलं, तिथलं पानी साखर असंल, म्हनून राखून ठेवलंय!" मायही हसली. मलाही हसू आलं आणि मग रडूही आलं, पण ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

दादा सायकलवरून आले तेव्हा गाव त्यांना वाटेतच सगळं सांगून मोकळं झालं होतं. त्यांनी पाय धुतले, चष्मा लावला आणि म्हणाले, "ते पान आन." मी आणलं. त्यांनी पुन्हा एकदा प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून पहिल्यापासून वाचलं. 'ऑल'वर आल्यावर बोट जरा थांबलं, आणि पुढे गेलं. मग त्यांनी शाळेच्या शाईच्या पेनने, वर्गात फळ्यावर लिहीत तशा गोल अक्षरांत, खाली सही केली. सही वाळेपर्यंत पान हातात धरून ते अंगणात उभे राहिले. शेजारची म्हातारी आली आणि विचारलं, "मास्तर, काय वाचून राह्यले?" ते म्हणाले, "माझ्या पोरीबद्दल लिव्हलंय. खरं हाये सगळं."

मुलाखतीला मी छोट्या रुळांच्या, म्हणजे मीटरगेजच्या, गाडीने निघाले आणि पुढे गाड्या बदलत पोचले. समोर तिघं बसले होते. एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे तुम्हाला पोहता येतं?" मी म्हटलं, नाही. ते हसले. दुसऱ्या होत्या त्या बाईंनी माझं पान पुढे धरलं आणि विचारलं की सगळ्या विहिरी म्हणजे किती. मी म्हटलं, तीन. पुन्हा सगळे हसले. मी सांगितलं, "तिसरी विहीर हे पान लिहिल्यानंतर झाली. तोपर्यंत माझ्या वडिलांनी सही केली नव्हती."

त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी पानाच्या खालची सही पाहिली. गोल अक्षरांतलं दादांचं नाव पूर्ण वाचलं, आणि मला म्हणाल्या की आता इंग्रजीतलं तुमचं आवडतं काय ते सांगा. मग आम्ही बराच वेळ बोललो.

मला प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बायका थोरल्या विहिरीवर पाणी भरायला लागल्या, असं काही झालं नाही. त्याला वर्षं लागली, आणि ती गोष्ट माझ्या एकटीची नाही. ती पुढे इतरांनी केली. पण माझ्या पानावरचा शब्द खरा होता, आणि तो खरा करून मगच मी गाव सोडलं. याचा मला आजही अभिमान आहे. एम.ए.चा आहे त्याहून जास्त.

थोरले, तुझ्यात वेगळं काही नाही असं तू म्हणालीस. ते तुझं तू शोध. फक्त जे लिहिशील त्यावर तुझ्या पणजोबांचं बोट फिरणार आहे असं समजून लिही.

विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये नळ होता. पोचल्यावर सामान खाली ठेवलं आणि आधी तिथे गेले. मागे मुलींची रांग होती, त्या खोळंबल्या. मी ओंजळ धरली आणि प्यायले. संध्याकाळी घरी कार्ड टाकलं. मला माहीत होतं, दादा ते आजाला मोठ्याने वाचून दाखवणार. म्हणून सगळ्यात वर लिहिलं, "आजा, सुखरूप पोचले. इथलं पाणी गोड आहे, आणि आपल्या हाताने घ्यायचं असतं."